पाण्यात गेलेला चेंडू

डिस्क गोल्फ नावाचा एक खेळ आहे. फ्रिसबीसारखी चकती झाडांमधून फेकत साखळ्यांच्या टोपलीत टाकायची. अमेरिकेत १९७५ पासून त्याची मैदाने आहेत, काहींत तळीही असतात. चकती तळ्यात पडली की एका फेकीचा दंड घ्यायचा आणि काठावरून पुढे खेळायचे.

आपल्या मीरा-भाईंदरच्या गल्ली क्रिकेटचा नियम उलटा. ज्याने मारला त्यानेच चेंडू आणायचा, मग तो नाल्यात जावो की खाडीलगतच्या डबक्यात. पोरगा चप्पल काढूनच उतरतो, आणि गुडघा कुठेतरी खरचटलेला असतोच.

उंदीर, घुशी, कुत्री, गुरे यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायराचे जंतू पाण्यात येतात. जखमेतून, डोळ्यांतून, भिजून मऊ पडलेल्या कातडीतूनही शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने ही साथ पाहिली आहे. ताप बहुधा ५ ते १४ दिवसांनी येतो. तोवर चेंडूची आठवण घरात कुणालाच नसते. म्हणून पावसाळ्यात तापाच्या मुलाला मी आधी विचारतो, ‘पाण्यात कुठे उतरला होतास?’ पोटऱ्या ठणकत असतील, डोळे लाल असतील, लघवी कमी झाली असेल तर घरी थांबू नका. साचलेल्या पाण्यात उतरल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवल्यास प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन देता येते. आठ वर्षांखालील मुलांना व गर्भवतींना औषध वेगळे. तेव्हा शेजाऱ्याची गोळी नको.

मैदानालगतच्या नाल्यांना महापालिकेने जाळी लावावी. तोवर गल्लीतल्या कप्तानांनीच नियम बदलावा: पाण्यात गेला तर फलंदाज बाद, आणि चेंडू नवा.