गॅस ब्लॉक बदला म्हणणाऱ्यांनो, आधी दोषाची नोंदवही दाखवा!



रायपूर-बिलासपूर रस्त्यावरची भनपुरी आपल्यापैकी अनेकांच्या माहितीची आहे. जवळच रेल्वेचे वॅगन रिपेअर शॉप, आजूबाजूला लेथ, फाउंड्री आणि रोलिंग मिल. बस्तरकडे जाणाऱ्या जवानांच्या तुकड्याही याच रायपूरवरून पुढे जातात. साहजिकच इन्सास रायफल अडकते ही तक्रार इथल्या कामगारांच्या कानावर नेहमी पडते, आणि तिच्यावरचा रामबाण उपायही पडतो : "सुधारित गॅस ब्लॉक बसवा. नाहीतर ती रायफलच मोडीत काढा!" कुणी तर छातीठोकपणे सांगतो की एवढासा ठोकळा भनपुरीतल्या कुठल्याही मशीनवर निघेल.

निघेलही. पण १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचा सुटा भागही शस्त्रच मानला जातो, तो परवान्याशिवाय बनवणे गुन्हा आहे. शिवाय खरा प्रश्न ठोकळा निघतो का हा नाहीच. तो बदलायचा की नाही हे कोणी, कशाच्या आधारावर ठरवायचे, हा आहे.

रेल्वे आणि टपाल कामगारांचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. आपल्या गाडीत एस्कॉर्टला चढणाऱ्या रेल्वे सुरक्षा दलाच्या शिपायाच्या खांद्यावर इन्सास असते. बस्तरमध्ये ती घेऊन फिरणारा जवान आपल्याच घरातला असतो. आणि आधी दुर्लक्ष करायचे, मग दोषाचा डांगोरा पिटायचा, शेवटी कारखान्याची पाटी बदलायची, हा खेळ आपल्या दारातही खेळला गेला आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. गोळी सुटते तेव्हा जळत्या दारूचा वायू तिला नळीतून पुढे ढकलतो. नळीला एक बारीक छिद्र असते आणि त्यावर जो पोलादी ठोकळा बसवलेला असतो तो गॅस ब्लॉक. त्यातून थोडा वायू पिस्टनवर येतो, पिस्टन बोल्ट मागे ढकलतो, रिकामे काडतूस बाहेर पडते आणि स्प्रिंगच्या जोरावर नवे आत जाते. वायू कमी पडला तर बोल्ट पुरता मागे जात नाही आणि रायफल अडते. जास्त झाला तर धक्का वाढतो आणि भाग लवकर झिजतात. इन्सासमध्ये हा वायू कमी-जास्त करायला रेग्युलेटर आहे. ग्रेनेड फेकताना तो पूर्ण बंदही करता येतो. एके घराण्याच्या रायफलीत अशी फिरवायची सोय साधारणतः नसते. तिथे मुळातच भरपूर वायू घेतात, म्हणून ती घाणीतही चालते, पण धक्का जास्त देते.

आता वॅगन शॉपमधल्या बंधूंनीच सांगावे. ब्रेक बाइंडिंग झालेली वॅगन आली तर तुम्ही काय करता? थेट वॅगन भंगारात काढता? की न तपासता नवा डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्ह बसवून मोकळे होता? ब्रेक पाइपचा दाब बघता, सिलेंडर बघता, हॅन्डब्रेक कोणी आवळून ठेवला आहे का ते बघता, रिगिंग बघता आणि मग हात घालता. रायफलीचेही तेच. ती अडली तर कारण काडतुसात असेल, मॅगझिनमध्ये असेल, थकलेल्या स्प्रिंगमध्ये असेल, चुकीच्या जागी राहिलेल्या रेग्युलेटरमध्ये असेल, साचलेल्या काजळीत असेल, किंवा खरोखरच झिजलेल्या गॅस ब्लॉकमध्ये असेल. सहा कारणांना एकच औषध देणारा वैद्य नव्हे, औषध विकणारा असतो!

कारगिलचेच उदाहरण घ्या. १९९९ च्या त्या लढाईत इन्सासबद्दल प्रामुख्याने तीन तक्रारी आल्या. थंडीत प्लॅस्टिकचे मॅगझिन तडकते, तीन गोळ्यांच्या ठेक्यावर ठेवलेली रायफल सलग सुटते, आणि रायफल अडकते. पहिला दोष प्लॅस्टिकचा, दुसरा घोड्याच्या यंत्रणेचा. त्या दोन्हींवर जगातला सर्वोत्तम गॅस ब्लॉक बसवला तरी काडीचा फरक पडला नसता. तिसऱ्या तक्रारीत गॅस ब्लॉकचा हात असू शकतो, पण तोही तपासून ठरवायचा. वर्तमानपत्रांत मात्र तिन्ही तक्रारींचे एकच वाक्य झाले : "सरकारी कारखान्याचा माल कुचकामी."

२००५ मध्ये नेपाळमध्ये हेच झाले. कालिकोटमधील हल्ल्यात नेपाळी सैन्याचे ४३ जवान मारले गेले. नेपाळी सैन्य म्हणाले, रायफली ऐन वेळी बिघडल्या. भारतीय बाजूने उत्तर आले, त्या नीट वापरल्या आणि सांभाळल्या गेल्या नाहीत. कारखाना जवानाकडे बोट दाखवतो, जवान कारखान्याकडे. दोघांच्याही वर बसलेल्यांना कोणी विचारत नाही की दोषाची भागवार नोंदवही कुठे आहे?

दोष नव्हतेच, असे आम्ही म्हणत नाही. ज्या बस्तरमध्ये एप्रिल २०१० मध्ये ताडमेटल्याजवळ एका हल्ल्यात ७६ जवान गेले, तिथे दिवसचे दिवस पावसापाण्यात गस्त घालणाऱ्या माणसाला "रायफल साफ का ठेवली नाहीस" असे सुनावणे निर्लज्जपणाचे आहे. २०१४ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाने इन्सासऐवजी एके रायफली मागितल्या, ती मागणी आम्हाला समजते. आपला जीव ज्याच्यावर टांगला आहे ते हत्यार भरवशाचे असावे, हा जवानाचा हक्क आहे. पण त्याच्या हक्काच्या आडून धंदा आणि मोडतोड करणाऱ्यांना आमचा विरोध आहे.

मोडतोड कशी झाली ते पाहा. इन्सासचा आराखडा पुण्याच्या एआरडीई या संशोधन संस्थेचा. रायफल बनते ईशापूर, कानपूर आणि तिरुचिरापल्लीच्या कारखान्यांत. तिचे ५.५६ मि.मी. काडतूस बनते आपल्या भुसावळजवळच्या वरणगावला. गॅस ब्लॉक हीच ती जागा, जिथे काडतुसाच्या दारूचा दाब आणि रायफलीचे छिद्र यांची गाठ पडते. दाब बदलला तर छिद्राचे गणित बिघडते. म्हणजे दोष शोधायचा तर काडतूस बनवणारा आणि रायफल बनवणारा एका टेबलाशी बसले पाहिजेत. निदान एका मंडळाखाली तरी ते होते.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झाले. ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. वरणगाव पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे गेले, रायफलीचे कारखाने कानपूरच्या दुसऱ्याच कंपनीकडे. जिथे गाठ होती नेमकी तिथेच कात्री चालवली! उद्या रायफल अडली की एक कंपनी म्हणणार काडतूस खराब, दुसरी म्हणणार रायफल खराब. मध्ये मरणार जवान आणि बदनाम होणार कामगार.

संरक्षण कामगार गप्प बसले नव्हते. ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांनी संप केला. २०२१ मध्ये तिन्ही महासंघांनी पुन्हा बेमुदत संपाची हाक दिली, तेव्हा ३० जून रोजी वटहुकूम काढून संपावरच बंदी घालण्यात आली. टपालातल्या जुन्या साथींनी तारीख नीट वाचावी. दूरसंचार खात्याचे बीएसएनएल झाले तेही १ ऑक्टोबरलाच, सन २००० मध्ये. तेव्हाही आश्वासने दिली गेली होती. पुढे २०१९-२० मध्ये पाऊण लाखाहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली घरी गेले, हे आपण पाहिले आहे.

"आता नव्या रायफली येताहेत, जुन्या गॅस ब्लॉकचा वाद कशाला?" असा एक शहाजोग सवाल केला जातो. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेकडून ७२,४०० सिग रायफली घेण्याचा करार झाला. डिसेंबर २०२१ मध्ये अमेठीजवळच्या कोरवा येथे सहा लाखांहून अधिक एके-२०३ बनवण्याचा करार झाला. नव्या रायफलीला आमचा विरोध नाही. पण सैन्याने खाली ठेवलेले हत्यार नाहीसे होत नाही. ते पोलीस ठाण्यांत आणि राखीव तुकड्यांत वर्षानुवर्षे राहते. हा प्रश्न सर्वांत गरीब शिपायाच्या हातात शिल्लक राहणार आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पहिली, दलांतील शस्त्र-कारागिरांनी प्रत्येक बिघाडाची भागवार नोंद ठेवावी आणि ती कारखान्यातल्या कामगारांसमोर यावी. दुसरी, काडतूस योग्य, स्प्रिंग आणि मॅगझिन ठीक, रायफल साफ आणि रेग्युलेटर जागेवर असूनही बोल्ट पुरता मागे जात नसेल, तरच गॅस ब्लॉक किंवा रेग्युलेटर बदलावा. छिद्र मोठे करून वेळ मारून नेऊ नये. आज अडणारी रायफल उद्या फुकट झिजेल. तिसरी, नवा भाग सरकारी कारखान्यात, वरणगावच्याच काडतुसावर चाचणी होऊन बसवावा. चौथी, आराखडा करणारे, काडतूस बनवणारे, रायफल बनवणारे आणि ती वापरणारे यांची एक कायम समिती नेमावी, आणि तिच्यात कामगारांचे निवडून दिलेले प्रतिनिधी असावेत.

यात क्रांती नाही. प्रत्येक वॅगन शॉपमध्ये रोज पाळली जाणारी ही साधी रीत आहे : आधी तपासा, मग हात घाला. ही रीत दिल्लीत बसून कंपन्या पाडणाऱ्यांना शिकवायची वेळ आली असेल, तर ती आपणच शिकवू. संरक्षण कामगारांची सभा जिथे भरेल तिथे आपला लाल झेंडा घेऊन हजर राहा. आज त्यांच्या कारखान्याची पाटी बदलली आहे. आपल्या शॉपच्या आणि आपल्या पोस्टाच्या पाटीवर डोळा ठेवून बसलेले कमी नाहीत!