आंबट बिअरचे वय बाटलीवर हवे

ब्रसेल्स आणि त्याच्या नैर्ऋत्येचा पायोटनलँड हा भाग लँबिक बिअरचे घर. या बिअरमध्ये कोणी यीस्ट मिसळत नाही. बार्लीचे माल्ट आणि साधारण एक तृतीयांश कच्चा गहू यांचा काढा, कडवटपणा ओसरलेल्या जुन्या हॉप्ससोबत तासन्‌तास उकळतात आणि थंडीच्या रात्री उथळ, उघड्या हौदात निवत ठेवतात. सकाळी तो लाकडी पिंपांत जातो. हवेतून आणि लाकडातून आलेले सूक्ष्मजीव तिथे पाळीपाळीने कामाला लागतात. आधी एंटेरोबॅक्टेरिया, मग साखरेचे मद्य करणारे यीस्ट, काही महिन्यांनी आम्ल वाढवणारे पेडिओकॉकस आणि शेवटी ब्रेटानोमायसिस. या शेवटच्यामुळेच घोटात सुक्या गवताचा, तबेल्याचा वास येतो. गोडवा जवळपास उरत नाही. आंबटपणा आधी जिभेच्या कडांना झोंबतो आणि मागाहून लाकडाचा तुरटपणा जाणवतो. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लँबिकचे मिश्रण बाटलीत पुन्हा आंबवले की ग्योझ तयार होते.

आज जगभर ‘सावर’ म्हणून विकली जाणारी बरीचशी बिअर अशी बनत नाही. भांड्यातल्या काढ्यात लॅक्टोबॅसिलस सोडून तो एक-दोन दिवसांत आंबट करतात, उकळून जिवाणू मारतात आणि नेहमीचे यीस्ट घालतात. काही आठवड्यांत माल तयार. ही बिअर चांगली असू शकते, आणि मला तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्यावर ‘रानटी’, ‘नैसर्गिक’ अशी विशेषणे चिकटवण्याबद्दल. आंबवण्याची पद्धत आणि पिंपातले वय ग्राहकाला कळलेच पाहिजे.

चव आवडली की झाले, वय कशाला विचारायचे, असे कोणी म्हणेल. पण तीन वर्षे पिंप अडकवून ठेवणाऱ्याचा खर्च, आणि एखादे पिंप बिघडण्याची त्याने पत्करलेली जोखीम, किमतीत उतरते. कारण लपले तर स्वस्त नक्कल त्याच भावात खपते आणि खरे काम करणारा मागे पडतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ब्रसेल्सच्या हवेत असे वेगळे काय आहे? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अमेरिकेत याच पद्धतीने केलेल्या बिअरमध्येही सूक्ष्मजीवांचा जवळपास तसाच क्रम आढळला. हा पुरावा मला मान्य आहे, आणि माझा मुद्दा त्याने पक्काच होतो. हवेचे गूढ बाजूला ठेवले तरी पद्धत आणि काळ उरतात, आणि या दोन्ही गोष्टी तपासता येतात. ‘औदे ग्योझ’ या नावासाठी युरोपीय संघाने नेमके हेच धरले: मिश्रणातला सर्वात जुना भाग किमान तीन वर्षांचा हवा, सरासरी वय किमान एक वर्ष आणि बाटलीत पुन्हा आंबवणे आवश्यक. साखर घालून गोड केलेली ग्योझ विकायला बंदी नाही, फक्त ‘औदे’ हा शब्द तिला मिळत नाही.

या पद्धतीसमोर आता हवामानाचेही संकट आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये रात्री पुरेशा थंड नसल्याने ब्रसेल्सच्या कांतियों ब्रुअरीला काही घाणे रद्द करावे लागले. अशा बिअरचे हंगाम आक्रसत असताना तिची ओळख तरी पुसट होऊ नये. मुंबई-पुण्याच्या ब्रुअरी-पबमध्येही आता सावर मिळते. तिथे मेन्यूकार्डावर ‘भांड्यात आंबवलेली’ किंवा ‘पिंपात इतके महिने मुरवलेली’ एवढी एक ओळ छापायला काहीच अडचण नाही.