रिकामा पाट

भाऊबीजेच्या सायंकाळी बहीण भावाला पाटावर बसवून ओवाळते. जिला भाऊ नाही, ती चंद्राला ओवाळते. परंतु जिला भाऊ होता आणि जो सीमेवरून परतलाच नाही, तिने कोणाला ओवाळावे?

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्याचे तलवाडा हे त्वरिता देवीचे गाव. या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात आणि अशाच घरांतील तरुण पहाटेच्या अंधारात रस्त्यावर धावत सैन्यभरतीची तयारी करतात. अशा घरी सैन्यात गेलेला थोरला भाऊ म्हणजे धाकट्यांचे शिक्षण, बहिणीचे लग्न आणि आईवडिलांचा विसावा. तो गेला की घराचा कणाच मोडतो. समाज वीरमातेपुढे नतमस्तक होतो, वीरपत्नीचा सन्मान करतो, आणि ते उचितच आहे. भावंडांसाठी मात्र असा गौरवाचा शब्दही आपल्याकडे रुळलेला नाही. त्यांचे दुःख घराच्या उंबरठ्याआडच राहते.

भावंडे हुतात्म्याचा वारसा कसा चालवतात, याचे उदाहरण पहिल्या परमवीराच्या घरात आहे. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी, दिवाळी तोंडावर आली असताना, ४ कुमाऊँचे मेजर सोमनाथ शर्मा बडगाम येथे धारातीर्थी पडले. डावा हात प्लास्टरमध्ये असूनही ते आपल्या तुकडीसह लढले. त्या झुंजीमुळे श्रीनगरचा विमानतळ वाचला. वय अवघे २४. त्यांच्या पार्थिवाची ओळख खिशातील गीतेच्या पानांवरून पटली. त्यांचे बंधू सुरिंदरनाथ लेफ्टनंट जनरल झाले. धाकटे विश्वनाथ १९८८ मध्ये लष्करप्रमुख झाले. परमवीरचक्राची आकृती रेखाटली ती मराठी सेनाधिकारी विक्रम खानोलकर यांच्या पत्नी, जन्माने युरोपीय असलेल्या सावित्रीबाईंनी. दधीचींच्या अस्थींपासून घडलेले वज्र त्यांनी त्या पदकावर कोरले आणि पहिले पदक लाभले ते त्यांची कन्या कुमुदिनी हिच्या दिरालाच.

प्रत्येक घरातून सेनापती निघत नसतो. तलवाड्यासारख्या गावातील घरात भिंतीवर गणवेशातील एक छायाचित्र असते आणि कोपऱ्यात एक काळी पत्र्याची पेटी. स्मृतिदिनी भाषणे होतात, हार चढतात, गाड्या निघून जातात. त्यानंतरच्या तीनशे चौसष्ट दिवसांचा विचार कोणी करायचा? धाकट्या बहिणीचे महाविद्यालयाचे शुल्क, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील कागदपत्रे, लग्नाच्या मांडवातील भावाचे स्थान, ही कामे छोटी दिसतात. पण राष्ट्रभक्तीची खरी परीक्षा तेथेच होते.

येत्या भाऊबीजेला आपल्या परिसरातील अशा एका घरी प्रत्येक कार्यकर्त्याने जावे. ओवाळून घेताना तबकात जी ओवाळणी टाकायची, ती वर्षभराच्या जबाबदारीची असावी. गेलेल्या भावाची जागा कोणीही भरून काढू शकत नाही. पाट रिकामा राहू नये, एवढे मात्र समाजाच्या हाती आहे.