एका गाण्याचा शिक्का

'वन-हिट वंडर' हा इंग्रजी शब्द कोणी घडवला, ते कोशकारांनी शोधावे. मला एवढेच वाटते की तो माणूस दुकानदार असला पाहिजे. गवयाला असा शब्द सुचणार नाही, आणि रसिकाला तर नाहीच नाही. ज्याच्या दुकानात एखाद्याचा माल एकदा खपला आणि पुढे फळीवर पडून राहिला, त्याने वैतागून मारलेला हा शिक्का आहे. दुकानदाराने आपल्या खतावणीत काय लिहावे हा त्याचा प्रश्न. पण ज्यांचा त्या धंद्याशी दमडीचा संबंध नाही अशी आपल्यासारखी माणसे ती खतावणी तोंडपाठ म्हणू लागली आहेत, आणि मुलांकडूनही म्हणवून घेऊ लागली आहेत. म्हणून हा लेखनप्रपंच.

हा शिक्का ज्यांच्या कपाळी फार ठळकपणे मारला गेला, त्यांपैकी एक म्हणजे इंग्लंडातला 'चंबावांबा' नावाचा गायक-वादकांचा ताफा. नाव ऐकून हसू येईल. सणाचे दिवस आहेत, वाचकांनी खुशाल हसून घ्यावे. 'ऑल्टरनेटिव्ह रॉक' या खणात व्यापारी त्यांना बसवतात. १९९७ सालच्या ऑगस्टमध्ये त्यांचे 'टबथंपिंग' हे गाणे बाजारात आले. ब्रिटनच्या खपाच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर चढले, अमेरिकेच्या यादीत सहाव्या, ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये तर पहिल्या. ज्या संचात हे गाणे होते, त्याच्या एकट्या अमेरिकेत तीस लाख प्रती गेल्या. पडलेल्या माणसाने पुन्हा उभे राहावे, हा त्या गाण्याचा साधा मथितार्थ. फुटबॉलची मैदाने, लग्नाच्या मेजवान्या, दारूचे गुत्ते, सगळीकडे ते दुमदुमले. आणि मग, असे सांगतात, चंबावांबा संपले.

या 'संपले'वर माझा आक्षेप आहे.

चंबावांबा स्थापन झाले १९८२ साली आणि त्यांनी शेवटचा कार्यक्रम केला २०१२च्या ऑक्टोबरात. म्हणजे तीस वर्षांचा संसार, आणि ते गाणे त्याच्या बरोबर मध्यावर. पंधरा वर्षे अलीकडे, पंधरा वर्षे पलीकडे. या तीस वर्षांतले एक गाणे उचलायचे, बाकीची वर्षे त्याच्या आसपास पडलेला केरकचरा समजायची, आणि वर त्यांनाच 'तुमचे पुढे काही जमले नाही' म्हणून कीव दाखवायची, हा कुठला न्याय? शिवाय हिशेब म्हणून पाहिले तरी हा शिक्का खोटा आहे. १९९८ साली त्यांचे 'अॅम्नीझिया' हे गाणे ब्रिटनच्या पहिल्या दहांत होते. खतावणी लिहिणाऱ्याने निदान बेरीज तरी नीट करावी!

ही माणसे होती कोण? त्यांच्यातले काहीजण बर्नली गावचे. बर्नली लँकेशायरात आहे, आणि लँकेशायर म्हटले की आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला विलायती कापडाची होळी आठवे. त्या कापडाच्या गिरण्यांच्या गावांतही उतरती कळा आली होती. ज्या १९८२च्या जानेवारीत मुंबईचा गिरणी कामगार संपावर गेला, त्याच वर्षी या तरुण मुला-मुलींनी आपला ताफा उभा केला. लीड्स शहरातल्या आर्मली भागात एका रिकाम्या पडक्या घरात ते एकत्र राहू लागले. चूल एक, पैशाचा डबा एक, निर्णय सर्वांनी मिळून घ्यायचा. राजकारणाने ते अराज्यवादी. सत्ता कोणाचीही असो, ती संशयाने पाहायची, हा त्यांचा बाणा. १९८४-८५ साली ब्रिटनमधल्या खाणकामगारांचा वर्षभराचा संप झाला, तेव्हा त्यांनी संपकऱ्यांच्या मदतीसाठी कार्यक्रम केले. आपल्या वाचकांना समजेल अशा शब्दांत सांगायचे तर हे कलापथक होते. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांनी डफ घेऊन जे केले, त्याच जातीचे काम हे लोक गिटार आणि ढोल घेऊन करीत होते.

१९८५ साली इथिओपियातल्या दुष्काळासाठी 'लाइव्ह एड' नावाचा प्रचंड जलसा झाला. लंडन आणि फिलाडेल्फिया, दोन्हीकडे मोठमोठे गायक एकाच दिवशी गायले आणि जगाने डोळे पुसले. दुसऱ्याच वर्षी चंबावांबांनी आपला पहिला संच काढला. त्याच्या नावाचाच अर्थ असा की उपाशी मुलांच्या चित्रांवर तबकड्या खपतात. भुकेची कारणे विचारायची नाहीत, फक्त भुकेचे चित्र दाखवायचे, हा दानशूरपणा त्यांना पसंत नव्हता. साऱ्या जगाच्या टाळ्या पडत असताना असे बोलायला छाती लागते. १९८८ साली त्यांनी आणखी एक काम केले. १३८१च्या शेतकरी बंडापासून १९१४पर्यंतची इंग्लंडातली बंडखोर गाणी शोधून काढून, वाद्यांचा गोंगाट बाजूला ठेवून, नुसत्या कंठाने गायली. हे दोन्ही संच त्या गाजलेल्या गाण्याच्या कितीतरी आधीचे. पण खपाच्या यादीत ते नाहीत, म्हणून ते झालेच नाहीत!

ही 'खपाची यादी' काय चीज आहे, हे एकदा नीट समजून घ्यावे. ती आठवड्याची असते. त्या सात दिवसांत गाणे किती विकले आणि किती ऐकले गेले, याची ती मोजणी. समजा, एखाद्या गाण्याची एक प्रत रोज कोणीतरी जिवाभावाने विकत घेतो आणि हे वीस वर्षे चालते. ते गाणे यादीत कधीच येणार नाही. उलट सात दिवसांत सर्वांनी झुंडीने घेतलेले आणि आठव्या दिवशी विसरलेले गाणे यादीच्या माथ्यावर बसेल. म्हणजे 'हिट' हे किती लोकांना आवडले याचे माप नाही, तर किती लोकांनी एकाच वेळी घेतले याचे आहे. जत्रेत किती गर्दी झाली हे त्यावरून कळेल. देवावर भक्ती किती, हे कळणार नाही. अशा मापाने तीस वर्षांचे काम मोजायचे म्हणजे कापडाच्या गजाने दूध मोजण्यासारखे आहे.

आता दुसऱ्या बाजूचे आक्षेपक. दुकानदार म्हणतात, 'एकदाच खपले'. सोवळे क्रांतिकारक म्हणतात, 'खपलेच कसे?' त्यांचा आक्षेप अधिक टोकदार आहे, म्हणून तो टाळत नाही. ई.एम.आय. ही बलाढ्य तबकडी-कंपनी. भोंग्यापुढे बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेल्या ज्या तबकड्यांवर आपण नाट्यगीते आणि भावगीते ऐकली, त्या अनेक वर्षे याच घराण्याच्या. १९८९ साली या कंपनीला उघड शिवी देणारा एक संच निघाला, त्यात चंबावांबांचेही गाणे होते. आणि १९९७ साली त्याच कंपनीशी त्यांनी युरोपपुरता करार केला. जुने सोबती खवळले. 'शिवी दिली ती पोकळ होती का?' हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे.

पण प्रश्न रास्त असला की त्याचे उत्तरही शांतपणे ऐकावे. पैसा हाती आल्यावर माणसाने काय केले, यावरून त्याची पारख होते. रिकाम्या खिशाने व्रतस्थ राहणे त्या मानाने सोपे असते. तिथे परिस्थितीच व्रत पाळते. चंबावांबांच्या बाबतीत घडले ते असे. १९९८च्या फुटबॉल विश्वचषकाच्या जाहिरातीत ते गाणे वापरण्यासाठी नाइकी या बुटांच्या कंपनीने पंधरा लाख डॉलर देऊ केले. त्यांनी नकार दिला. पुढे २००२च्या सुमारास जनरल मोटर्स या मोटारकंपनीने त्यांच्या दुसऱ्या एका गाण्यासाठी सुमारे एक लाख डॉलर दिले. ते त्यांनी घेतले, आणि बड्या कंपन्यांच्या कारभारावर नजर ठेवणाऱ्या 'कॉर्पवॉच'ला व 'इंडीमीडिया'ला देऊन टाकले. म्हणजे मोटारकंपनीच्या पैशाने मोटारकंपनीचीच झडती! याला विकले जाणे म्हणत असतील, तर असे विकले जाणारे आणखी थोडे निपजोत.

लिव्हरपूलच्या गोदी कामगारांचे प्रकरणही इथे सांगितले पाहिजे. १९९५ साली सुमारे पाचशे कामगारांना कामावरून काढले, कारण दुसऱ्यांच्या संपाची रांग ओलांडायला त्यांनी नकार दिला होता. सव्वादोन वर्षांहून अधिक काळ ते झुंजले आणि १९९८च्या जानेवारीत हरले. मजूर पक्षाचे सरकार गादीवर असून त्याने हात दिला नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत संगीताच्या ब्रिट पारितोषिकांचा थाटाचा समारंभ झाला. तिथे चंबावांबांनी गाण्याचे शब्द बदलून गोदी कामगारांचा कैवार घेतला, आणि मग त्यांच्यातल्या डॅनबर्ट नोबेकनने उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांच्या अंगावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतली. प्रेस्कॉट हे स्वतः एकेकाळी बोटीवर वाढप्याचे काम केलेले, खलाशांच्या युनियनमधून वर आलेले गृहस्थ.

मी शाळामास्तर आहे. कोणाच्याही अंगावर पाणी ओतण्याचे समर्थन माझ्याकडून होणार नाही. वर्गात एखाद्याने तसे केले तर मी त्याला बाकावर उभा करीन. पण बाकावर उभे करण्यापूर्वी 'का केलेस?' एवढे तरी विचारीन. वर्तमानपत्रांनी बादली पाहिली, भिजलेला कोट पाहिला. पाचशे घरांच्या विझलेल्या चुली त्या मानाने फार थोड्यांनी पाहिल्या. ज्या माणसांना आयुष्यात एकदाच साऱ्या देशाचे कान मिळाले होते, त्यांनी ती संधी आपल्या पुढच्या गाण्याची जाहिरात करण्यात घालवली नाही. हरलेल्यांचे नाव घेण्यात घालवली. धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा होता, आणि मला त्यांच्याविषयी जो आदर वाटतो तो नेमका या वेडेपणासाठी.

त्या गाण्याच्या मूळ ब्रिटिश संचात प्रारंभी एक भाषण ऐकू येते. ते 'ब्रास्ड ऑफ' या १९९६च्या चित्रपटातले. खाण बंद पडत असलेल्या यॉर्कशरमधल्या एका गावचा बँडमास्तर त्यात सांगतो की संगीतापेक्षा माणसे मोलाची. रेडिओवर जी छाटलेली आवृत्ती वाजली, तीत हे भाषण नाही. 'टबथंपर' म्हणजे पिंपावर थापा मारीत तावातावाने भाषण करणारा वक्ता. तेव्हा गाण्यातले भाषण कापले, पिंप ठेवले, आणि दुनिया त्या पिंपाच्या तालावर नाचली! यात दोष गाणाऱ्यांचा की कापणाऱ्यांचा, हे वाचकांनीच ठरवावे.

पुढची पंधरा वर्षे त्यांनी काय केले? बड्या कंपनीचा हात सोडला. काही जण पांगले. उरलेल्यांनी विजेची वाद्ये खाली ठेवून लहान सभागृहांत लोकगीतांच्या वळणाची गाणी गायली. २००८ साली दीडशेहून अधिक शब्दांचे नाव असलेला संच काढून दुकानदारांच्या लेबलांची छान फजिती केली. त्यांच्यातली अॅलिस नटर दूरदर्शनसाठी नाटके लिहू लागली. बॉफ व्हेली याने पुढे सामान्य माणसांचे एक समूहगान-मंडळ काढले. २०१२ साली, आता थांबावे असे वाटले तेव्हा, लीड्समध्येच निरोपाचा कार्यक्रम करून थांबले. याला कोणी अपयश म्हणत असेल, तर यशाची व्याख्या त्याने एकदा लिहून दाखवावी.

आणि त्या एका गाण्याचे काय झाले? ते मालकांच्या हाताबाहेर गेले. २०२४ साली न्यूझीलंडचे तेव्हाचे उपपंतप्रधान विन्स्टन पीटर्स यांच्या भाषणाच्या वेळी ते वाजवले गेले. पीटर्स यांची मते चंबावांबांना मुळीच मान्य नव्हती. बँड मोडून बारा वर्षे झाली तरी त्यांनी 'आमचे गाणे वापरू नका' असे जाहीरपणे बजावले. ज्याला आपण त्यांचे सर्वांत मोठे यश म्हणतो, त्याच्याच मागे त्यांना असे लाठी घेऊन धावावे लागते. कारण त्यांचे ते एकच गाणे लोकांना ठाऊक आहे. त्यांची मते ज्यांत आहेत ती बाकीची गाणी नाहीत.

हा केवळ विलायतेचा रोग आहे असे कोणी समजू नये. अण्णा भाऊ साठ्यांची मैनेची छक्कड घरोघर माहीत आहे. पण त्यांच्या कथा-कादंबऱ्यांपैकी 'फकिरा' सोडून दुसरी वाचली आहे असे छातीवर हात ठेवून सांगणारे किती? आणि लहान तोंडी मोठा घास घ्यायचा तर, या मॅट्रिक मास्तरानेही चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. भेटणारा प्रत्येक माणूस त्यांतल्या एकीचे नाव घेतो आणि विचारतो, 'नंतर काही लिहिले नाहीत वाटते?' मी हसून चहा पुढे करतो. दुखते ते माझ्यापुरते नाही. माझ्या वर्गातली पोरे आता कविता वाचण्याआधी 'सर, किती लोकांनी पाहिली?' असे विचारतात. एकीचे नाचाचे रील एका रात्रीत हजारोंनी पाहिले. पुढच्याला शंभरही मिळाले नाहीत, तेव्हा त्या तेरा वर्षांच्या मुलीने नाचच सोडला. घरच्यांनीही तिला समजावले ते असे की, 'जाऊ दे, एकदा तरी झाले ना हिट!'

ही ती खतावणी. ती त्या पोरीच्या हाती कोणी दिली? तुम्ही आणि मीच दिली. 'काय केलेस' हे विचारायचे सोडून 'किती खपले' हे विचारीत आलो. तेरा वर्षांच्या मुलीला 'वन-हिट वंडर' करून टाकणारा समाज चंबावांबांना हसतो, यात नवल कसले?

दिवाळीत वहीपूजनाला जमाखर्चाच्या वह्या मांडतात. त्या व्यापाऱ्याच्या पेढीवर शोभतात, तिथेच असाव्यात. घरातल्या मुलामुलींच्या गाण्या-नाचण्या-लिहिण्याला मात्र त्या वह्या लावू नयेत. एखाद्याचे एक गाणे आवडले, तर त्याची दुसरी चार शोधून ऐकावीत. ऐकण्यापूर्वीच त्याला निकालात काढायचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.