चिमट्याची गोष्ट

पावसाळा लागला की रत्नागिरीत लेप्टोचे नाव निघतेच. भातखाचरातल्या चिखलातून पायाच्या जखमेवाटे शिरणारा हा जंतू प्रयोगशाळेच्या ओट्यावर मात्र दुबळा ठरतो. पृष्ठभाग सुकला की लवकर मरतो.

धनुर्वाताचा जंतू तसा नव्हे. तो बीजाणू करून बसतो. मग कोरडेपणा, स्पिरिट, कशालाच दाद देत नाही आणि मातीत वर्षानुवर्षे टिकतो.

याची किंमत मुंबईच्या परळ प्रयोगशाळेने मोजली. 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी वॉल्डेमार हाफकिन यांची प्लेगची लस टोचली गेली आणि 19 जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. पुढे तपशील उजेडात आला: बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. 1907 मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. त्याच प्रयोगशाळेला 1925 मध्ये त्यांचे नाव मिळाले, पण उशिरा मिळालेला न्याय तो.

आजही ओटा पुसताना घाई नडते. सत्तर टक्के अल्कोहोल शुद्ध अल्कोहोलपेक्षा प्रभावी, कारण प्रथिने गोठवायला पाणी लागते. बीजाणूंपुढे मात्र तेही हतबल. तिथे ताजे ब्लीच हवे आणि ते काही मिनिटे ओले राहू द्यावे लागते. उपकरणांसाठी ऑटोक्लेव्ह: दाबाखाली 121 अंश सेल्सिअसची वाफ, निदान 15 मिनिटे.

या अंकातला मुख्य लेख या मिनिटांचाच हिशेब मांडतो.