‘कोणतं पुस्तक घेऊ, मामा?’

मागच्या रविवारी सकाळी माझी भाची खरवईला आमच्या घरी आली. खांद्याला नेहमीची कापडी पिशवी आणि पिशवीत तीन जाडजूड पुस्तके. तिन्हींची नावे जवळजवळ सारखी, आधुनिक जगाचा इतिहास. दोन मैत्रिणींकडून मागून आणलेली, एक दुकानदाराने पाहून परत करण्याच्या बोलीवर दिलेले. म्हणाली, ‘‘मामा, यातलं एकच परवडणार आहे. कोणतं घेऊ?’’

तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, इथल्याच एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला आहेत. पंधरा तारीख उलटली की त्या घरात काय उरते हे आपल्या वाचकांना निराळे सांगायला नको. पाच-सहाशे रुपयांचे पुस्तक चुकीचे निघाले तर दुसरे घ्यायला पुढच्या पगाराची वाट पाहावी लागते, आणि परीक्षा काही वाट पाहत नाही. केंद्रीय नागरी सेवा मुख्य परीक्षेत जगाचा इतिहास २०१३ पासून आहे. राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली. म्हणजे चार पर्यायांतून एकावर खूण करून आता भागत नाही. अमुक का घडले आणि त्यातून पुढे काय झाले, हे आपल्या शब्दांत लिहावे लागते.

या बाबतीत मी एकदा चांगलाच पोळलो आहे. बी.कॉम. करीत असताना, १९९८ च्या सुमारास, मी पदपथावरून निम्म्या किमतीत असेच एक पुस्तक घेतले. मोठ्या मेहनतीने पाठ केले. भरतीच्या लेखी परीक्षेत ऐटीत लिहून आलो की जर्मनी हे दोन देश असून त्यांच्यामध्ये भिंत आहे. भिंत १९८९ साली पडली होती आणि ३ ऑक्टोबर १९९० रोजी दोन्ही जर्मनी एकही झाले होते. माझ्या पुस्तकाला ते माहीत नव्हते, कारण ते त्याआधीच छापलेले होते. विकणाऱ्याचा काय दोष? पहिले पान उलटून साल पाहायचे काम माझे होते. नोकरी मला पुढे दोन वर्षांनी लागली. ती दोन वर्षे केवळ त्या एका उत्तराने गेली असे म्हणता येणार नाही, पण घरी तसे अजून म्हटले जाते.

म्हणून तिन्ही पुस्तकांचे साल प्रथम पाहिले. यात एक गोम असते. पहिल्या पानावर नवी आवृत्ती असे छापलेले असते आणि आतला मजकूर जुनाच असतो. तेव्हा शेवटचे प्रकरण उघडावे. सोव्हिएत संघ १९९१ च्या डिसेंबरात विसर्जित झाला, ते त्यात आहे का? दक्षिण आफ्रिकेत १९९४ साली सर्वांना मतदानाचा हक्क मिळाला, ते आहे का? एका पुस्तकात शीतयुद्ध अजून चालूच होते. ते बाजूला ठेवले.

उरली दोन. मग मी माझ्या आवडीचे प्रकरण काढले, १९२९ ची महामंदी. वाणिज्य शाखेचा माणूस असल्यामुळे या एका प्रकरणावरून मी लेखकाला ओळखतो. पहिल्या पुस्तकात मंदीची कारणे आठ, परिणाम नऊ, असे आकडे घालून दिलेले. कारण क्रमांक तीनचा परिणाम क्रमांक पाचशी काय संबंध, याचा पत्ता नाही. दुसऱ्यात अर्धे पान अधिक खर्च झाले होते, पण गोष्ट समजत होती. अमेरिकेत लोकांनी थोडी रक्कम भरून बाकीचे शेअर उधारीवर घेतले होते. ऑक्टोबर १९२९ मध्ये भाव कोसळताच दलालांनी पैसे मागितले, ते देण्यासाठी लोकांनी शेअर विकले, म्हणून भाव आणखी पडले. पुढे बँका अडचणीत आल्या आणि ठेवीदारांच्या रांगा लागल्या. अमेरिकन पैसेवाल्यांनी जर्मनीला दिलेली कर्जे परत मागितली, त्यामुळे तिकडचे कारखाने बंद पडले. १९३२ च्या प्रारंभी जर्मनीत साठ लाख बेकार होते. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. असे एकात एक अडकवून सांगितले की पाठ करावे लागत नाही. आपल्या घरातल्या उधारीच्या वहीइतके ते सरळ असते.

माझी दुसरी कसोटी हैती. कॅरिबियन समुद्रातली ही फ्रेंच वसाहत, साखर आणि कॉफीचे मळे, राबणारे जवळजवळ पाच लाख गुलाम. फ्रान्समध्ये १७८९ साली मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला, पण मळ्यांतल्या गुलामांना त्यात जागा नव्हती. ऑगस्ट १७९१ मध्ये ते उठले. १७९४ साली फ्रान्सला गुलामगिरी रद्द करावी लागली. १८०२ साली नेपोलियनने फ्रेंच वसाहतींत ती पुन्हा आणली आणि या बेटावर फौज धाडली. ती फौज हरली आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. त्यानंतर १८२५ साली फ्रान्सने याच लोकांकडून पंधरा कोटी फ्रँक भरपाई मागितली, मळेवाल्यांचे नुकसान झाले म्हणून! पुढे ती नऊ कोटींवर आली, पण कर्ज काढून फेडताना त्या देशाचा कणा मोडला. फ्रेंच राज्यक्रांतीला चाळीस पाने आणि हैतीला एक ओळही नाही, असे पुस्तक असेल तर स्वातंत्र्य कोणाचे आणि समता कोणाची हा प्रश्न लेखकाला पडलेलाच नाही असे समजावे. जोतीराव फुले यांना तो पडला होता. १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिताना त्यांनी ते पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केले. पुण्यात बसून त्यांची नजर तिथवर गेली होती.

भाचीच्या दोन पुस्तकांपैकी मंदी नीट सांगणाऱ्या पुस्तकात हैतीवर दीड पान निघाले. आकडेवाल्या पुस्तकात काही नाही.

तरी ती म्हणाली, ‘‘पण मामा, त्याचे मुद्दे लिहायला सोपे आहेत.’’ तिचे म्हणणे खोटे नव्हते. मग मी तिला विचारले, बाबासाहेबांची पुस्तके कशी बुडाली? ते तिला माहीत होते. १९१७ साली ते लंडनहून परत आले तेव्हा त्यांचे ग्रंथ दुसऱ्या बोटीने येत होते आणि ती बोट पाणबुडीने बुडवली. आता सांग, मालवाहू बोटी पाणबुड्या का बुडवत होत्या? गप्प. दोन्ही पुस्तके उघडली. एकात फक्त ‘जर्मनीने पाणबुड्यांचा वापर केला’ एवढेच. दुसऱ्यात होते की इंग्लंडच्या आरमाराने जर्मनीची नाकेबंदी केली, तिथे अन्नाचे हाल सुरू झाले, म्हणून जर्मनीने १ फेब्रुवारी १९१७ पासून दिसेल ती बोट बुडवायचे ठरवले आणि त्यामुळेच एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट पोरीला त्या दिवशी नीट कळली. मुद्द्यांविषयी ती पुढे काही बोलली नाही.

ज्यांच्यापुढे हीच निवड आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. विकत घेण्याआधी फुकटचे वाचा. बालभारतीचे २०२० साली निघालेले बारावीचे इतिहासाचे पुस्तक मराठीत आहे. वसाहतवाद, महायुद्धे आणि भारत, निर्वसाहतीकरण, शीतयुद्ध ही प्रकरणे त्यात थोडक्यात आहेत. एनसीईआरटीचे २००६ साली आलेले नववीचे पुस्तक फ्रेंच क्रांती, रशियन क्रांती आणि नाझी राजवट यांसाठी फार चांगले, हिंदीतही आहे. अकरावीचे जगाच्या इतिहासाचे पुस्तक मिळाले तर मात्र जुनी प्रत शोधा, कारण २०२२ च्या काटछाटीत औद्योगिक क्रांतीचे अख्खे प्रकरण गाळले गेले. इंग्रजी जमत असेल तर नॉर्मन लो यांचे पुस्तक विसाव्या शतकासाठी उत्तम, पण ते पहिल्या महायुद्धापासून सुरू होते. त्याच्या भरवशावर राहिलात तर फ्रेंच क्रांती हातची जाईल. अर्जुन देव यांचा ग्रंथही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचा आहे. जैन आणि माथुर यांचे पुस्तक १५०० ते २००० असे सगळे घेते, म्हणून ते जाड आहे. नेहरूंनी तुरुंगातून लेकीला लिहिलेली पत्रे १९३४ साली पुस्तकरूपाने आली, ती गोडीसाठी वाचावीत, परीक्षेसाठी नव्हे. आणि घेण्याआधी वाचनालयात जाऊन पुस्तक हाताळावे. बदलापुरात ग्रंथसखासारखे वाचनालय असताना आपण मोबाईलवर मुखपृष्ठ पाहून पैसे पाठवतो, याला काय म्हणावे?

शेवटी तेच दीड पान हैतीवाले पुस्तक ठरले. दुपारी दाजी आले. तेही चाळू लागले. औद्योगिक क्रांतीच्या प्रकरणात मँचेस्टरच्या गिरण्या, अमेरिकेतले यादवी युद्ध आणि १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला आलेला भाव हे वाचून ते थबकले. त्यांचे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर खोली विकून हे कुटुंब इकडे आले. वाचता वाचता त्यांनी विचारले, ‘‘यात आपल्या उल्हासनगरच्या छावणीचं आहे का?’’ महायुद्धाच्या वेळी इथे सैनिकांची कल्याण छावणी होती, फाळणीनंतर तिथेच सिंधी निर्वासित वसले आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळाले. अजून आपण पत्ता सांगताना कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर चार असेच म्हणतो. पुस्तकात ते नव्हते.

‘‘मग अंबरनाथची विमको?’’

ती कंपनी १९२३ साली स्वीडनच्या काडेपेटीवाल्यांनी काढलेली. त्यांचा मालक क्रूगर युरोपातल्या सरकारांना कर्ज देऊन त्या त्या देशात काडेपेट्यांचा मक्ता मिळवायचा. मंदीत त्याचा डोलारा ढासळला आणि मार्च १९३२ मध्ये तो पॅरिसमध्ये मृतावस्थेत सापडला. मंदीच्या प्रकरणात त्याचेही नाव नव्हते. भाचीने पेन्सिल घेतली आणि समासात बारीक अक्षरात लिहिले : क्रूगर, विमको, अंबरनाथ. दाजी म्हणाले, ‘‘अगं, आधी पैसे तर देऊन ये, पुस्तक अजून दुकानदाराचं आहे.’’