किल्लीची राखण

प्रागमधील सातोशीलॅब्सने 2014 मध्ये बाजारात आणलेल्या ट्रेझर या हार्डवेअर वॉलेटचे सूत्र असे की, क्रिप्टोचलन खर्चण्याचा अधिकार देणारी खासगी किल्ली, म्हणजेच एक गुप्त संख्या, इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर कधीच येऊ नये. व्यवहारावरची डिजिटल स्वाक्षरी उपकरणातच व्हावी आणि रक्कम व पत्ता त्याच्या छोट्या पडद्यावर पडताळूनच मालकाने बटण दाबावे. मात्र उपकरण हल्लेखोराच्या हाती लागल्यास चिपच्या विद्युतदाबात क्षणिक फेरफार करून ही किल्ली पुन्हा घडवणारे बीजशब्द मिळवता येतात, हे क्रॅकेन या क्रिप्टोचलन विनिमय-मंचाच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवून दिले. 2023 च्या ट्रेझर सेफ 3 मध्ये अशा हल्ल्यांना रोखण्यासाठी स्वतंत्र सुरक्षा-चिप आली, हे स्वागतार्हच. तथापि खुली रचना, त्रयस्थ तपासणी आणि दोषांची प्रांजळ कबुली यांवाचून कोणतेही उपकरण लोकांच्या पुंजीची राखण करण्यास पात्र ठरत नाही.